पित्ताची गोळी आणि तिची मुदत

'पित्त' हा शब्द आमच्या घरांत जितक्या सैलपणें वापरला जातो, तितका दुसरा एखादा शब्द क्वचितच वापरला जात असेल. डोकें दुखलें कीं पित्त, चक्कर आली कीं पित्त, अंगावर गांधी उठल्या कीं पित्त. आणि छातींत जळजळलें तर तें पित्त असणारच, त्याविषयीं कोणाला शंकाहि येत नाहीं. काश्यपसंहिता व माधवनिदान ह्या ग्रंथांत आम्लपित्ताचें स्वतंत्र वर्णन आहे, तेव्हां हा विकार कांहीं नवा नव्हे. नवी आहे ती त्यावरील गोळी. पूर्वीं ज्या फळीवर मोरावळ्याची बरणी व आमसुलें असत, त्याच फळीवर आतां पँटोप्राझोल, ओमेप्राझोल किंवा राबेप्राझोल ह्यांपैकीं एखाद्या औषधाचें पाकीट असतें, आणि मोरावळा जसा ज्याला हवा त्यानें चमचाभर घ्यावा, तशीच ही गोळीहि ज्याला हवी तो घेतो.

ही गोळी वाईट आहे असें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु मुळींच नाहीं. जठरांतून रक्त वाहून माणसें दगावत असत, किंवा व्रणासाठीं जठराचा भाग कापून काढावा लागत असे, ते दिवस ह्या औषधांनीं पुष्कळसे मागें टाकले आहेत. पण डॉक्टर गोळी लिहून देतात ती एका माणसाला, एका कारणासाठीं आणि एका मुदतीपुरती. घरांत आल्यावर ह्या तिन्ही गोष्टी पुसल्या जातात. माणूस बदलतो, कारण विसरलें जातें आणि मुदत तर कोणी विचारलेलीच नसते. सगळा घोटाळा येथें होतो.

पाळीचें घड्याळ

छत्रपती संभाजीनगराजवळचें बजाजनगर हें ह्या प्रश्नाचा विचार करण्यास फार सोयीचें ठिकाण आहे. वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, भोवतालीं औद्योगिक वसाहत वाढली, आणि मराठवाड्यांतून, खानदेश-विदर्भांतून आलेल्या कुटुंबांची ही वस्ती उभी राहिली. येथील पुष्कळ घरांचें घड्याळ सूर्यावर चालत नाहीं, पाळीवर चालतें. मुलगा रात्रपाळी करून सकाळीं घरीं येतो, सून त्याच सुमारास कामावर निघते, आजोबा पहाटेचा चहा घेऊन पोथीला बसलेले असतात, आणि आजी सर्वांचीं जेवणें चार निरनिराळ्या वेळीं वाढीत असते. त्यांत एकादशी, चतुर्थी आहेच. जवळच्या पंढरपुरांत, म्हणजे वाळूजच्या छोट्या पंढरपुरांत, आषाढीला मोठी गर्दी लोटते. त्या दिवशीं साबुदाणा, दाण्याची आमटी आणि मधून मधून चहा ह्यांवर दिवस निघतो, व संध्याकाळीं कोणी ना कोणी म्हणतेंच, "सूनबाई, ती पित्ताची गोळी दे बरं."

अशा घरांत गोळीच्या चिठ्ठीवरील 'सकाळीं उपाशी पोटीं' ह्या शब्दांचा अर्थ काय करावयाचा? रात्रपाळीहून आलेला मुलगा सकाळीं सात वाजतां इमानेंइतबारें गोळी घेतो आणि कांहीं न खातां झोपून जातो. दुपारीं उठून तो पोटभर जेवतो, आणि चार दिवसांनीं तक्रार करतो कीं गोळीचा गुण येत नाहीं. गोळी खरी होती, माणूसहि आज्ञाधारक होता. चुकली ती वेळ. कां चुकली हें समजण्यासाठीं पोटांत काय घडतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

पोटांतील आम्ल

जठरांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें हें विल्यम प्राउट ह्या इंग्रज वैद्यानें १८२४ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच काळांत अमेरिकेंत अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या एका तरुणाच्या पोटाला बंदुकीची जखम होऊन जठरापर्यंत एक भोंक कायमचें राहिलें. हा अपघात १८२२ चा. विल्यम ब्यूमाँट ह्या लष्करी डॉक्टरानें त्या भोंकांतून अन्नाचे तुकडे दोऱ्याला बांधून आंत सोडले, बाहेर काढून तपासले, आणि १८३३ सालीं आपलीं निरीक्षणें ग्रंथरूपानें छापलीं. अन्न जठरांत नुसतें दळलें जात नाहीं, तें एका तीव्र रसानें विरघळतें, हें अशा रीतीनें डोळ्यांनीं दिसलें.

हें आम्ल आपला शत्रु नव्हे. प्रथिनांचें पचन त्याच्या साह्यानें सुरू होतें, अन्नपाण्याबरोबर आलेले पुष्कळ जंतु त्यांत मरतात, अन्नांतील बी-१२ जीवनसत्त्व त्याच्यामुळें मोकळें होतें आणि लोह शोषलें जाण्यास मदत होते. तें अन्ननलिकेंत वर चढलें, किंवा जठराचें संरक्षक अस्तर दुबळें झालें, म्हणजे मात्र त्रास होतो.

आम्ल थोपविण्याचे उपाय दोन तऱ्हांचे आहेत. खाण्याचा सोडा किंवा दुकानांतील पातळ औषधें तयार झालेलें आम्ल मारतात. त्यांचा गुण लगेच येतो व लवकरच सरतो. दुसरी तऱ्हा म्हणजे आम्ल तयारच कमी होऊं देणें. जेम्स ब्लॅक ह्या शास्त्रज्ञाच्या संशोधनांतून निघालेलें सिमेटिडीन हें औषध १९७६ सालीं इंग्लंडांत बाजारांत आलें, आणि १९८८ सालीं ब्लॅक ह्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. त्याच वर्षीं स्वीडनमध्यें ओमेप्राझोल विक्रीस आलें, आणि आज आमच्या फळीवर असलेल्या गोळ्या ह्याच कुळांतील आहेत.

जठराच्या अस्तरांतील विशिष्ट पेशींत आम्ल बाहेर टाकणारे असंख्य सूक्ष्म पंप असतात. ही गोळी आंतड्यांत विरघळते, रक्तावाटे त्या पेशींपर्यंत पोंचते, आणि जे पंप चालू असतील त्यांना कायमची चिकटून ते बंद पाडते. बंद पंप पुन्हा चालू होत नाहींत. शरीराला नवे तयार करावे लागतात. म्हणूनच औषध रक्तांतून दोन-चार तासांत नाहींसें झालें तरी गुण दिवसभर टिकतो. पण झोंपलेल्या पंपांवर तिचा फारसा इलाज चालत नाहीं, आणि पंप जागे होतात ते जेवणानें.

आतां रात्रपाळीच्या मुलाची चूक उलगडते. गोळी घेऊन तो झोपला, पंपहि झोंपले, आणि दुपारीं जेवणाच्या वेळीं पंप जागे झाले तेव्हां रक्तांत औषध उरलेलेंच नव्हतें. त्याची 'सकाळ' म्हणजे तो झोपून उठतो ती वेळ होय. उठल्यावर गोळी घ्यावी, आणि अर्ध्या ते एका तासानें जेवावें. ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्यानें डॉक्टरांना हें स्पष्ट सांगून आपल्या वेळा लिहून घ्याव्यात. उपवासाच्या दिवशीं फराळापूर्वीं हाच नियम लावावा.

घेण्याची रीत

गोळी पाण्याबरोबर सबंध गिळावी. तिच्यावर आम्लापासून बचाव करणारें कवच असतें; ती चावली, कुटली किंवा तोडली तर औषध जठरांतच नासतें. आजींना सबंध गोळी गिळवत नसेल तर खलबत्त्याकडे वळण्यापूर्वीं दुसरा प्रकार मिळतो काय, हें डॉक्टरांस विचारावें.

पहिल्या दिवशीं पूर्ण आराम पडला नाहीं म्हणून दुसरी गोळी घेऊं नये. सगळे पंप एका गोळीनें बंद होत नाहींत; पूर्ण गुण येण्यास तीन ते पांच दिवस लागतात. एखादा दिवस चुकला तर पुढच्या दिवशीं दोन गोळ्या घेऊन भरपाई करूं नये. श्रीखंड-पुरीचें जेवण झाल्यावर छातींत जळजळूं लागलें असतां ही गोळी घेणें म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणें होय.

आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी. पाकिटावरील व्यापारी नांव मोठ्या अक्षरांत असतें आणि औषधाचें खरें नांव लहान अक्षरांत. वाचावें तें लहान अक्षरांतलें. हाडांच्या डॉक्टरांनीं एका नांवाची गोळी दिली, हृदयाच्या डॉक्टरांनीं दुसऱ्या नांवाची दिली, आणि दोन्ही एकाच कुळांतल्या निघाल्या, असें होऊं शकतें. तसेंच नांवापुढें 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर त्यांत बहुधा डॉम्पेरिडोन हें दुसरें औषध मिसळलेलें असतें. तें उलटी-मळमळीवरचें असून हृदयाच्या ठोक्यांच्या लयींत बिघाड करण्याचा त्याचा दुर्मिळ पण खरा धोका आहे. युरोपीय औषध नियामक संस्थेनें २०१४ सालीं ह्या औषधाची मात्रा कमी करून तें सामान्यतः एका आठवड्याहून अधिक देऊं नये असें ठरविलें. साधी जळजळ असतां 'डी'ची गोळी महिनोन् महिने घेणाऱ्यानें आपल्याला तिची गरज आहे काय, हें विचारलेंच पाहिजे.

एका डब्यांतलीं चार माणसें

असें एक घर डोळ्यांपुढें आणावें कीं जेथें औषधांचा डबा एकच आहे.

आजोबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनींत स्टेंट बसविला आहे. त्यांना ॲस्पिरिन व क्लोपिडोग्रेल चालू असून, त्यांनीं जठरांतून रक्तस्राव होऊं नये म्हणून ही गोळी दिली आहे. येथें ती जळजळीसाठीं नाहींच, संरक्षणासाठीं आहे. "मला आतां पित्त होत नाहीं" म्हणून आजोबांनीं ती मनानें सोडली तर अनर्थ ओढवूं शकतो. पण त्यांची गोळी संपली म्हणून सुनेच्या पाकिटांतील ओमेप्राझोल त्यांना देणेंहि बरोबर नव्हे. ओमेप्राझोल व इसोमेप्राझोल हीं दोन औषधें यकृतांत क्लोपिडोग्रेलचें काम होऊं देत नाहींत, म्हणून त्यांची जोडी टाळण्यास सांगितलें जातें. पँटोप्राझोलचा हा अडथळा बराच कमी आहे. कुळ एक असलें तरी गुण सारखे नसतात.

आजींना थायरॉईडची गोळी, कॅल्शियम आणि मधुमेहासाठीं मेटफॉर्मिन आहे. आम्ल कमी झालें म्हणजे थायरॉईडचें औषध व कार्बोनेटरूपी कॅल्शियम कमी शोषलें जाऊं शकतें. शिवाय मेटफॉर्मिननेंहि बी-१२ उतरतें, आणि पिढ्यान् पिढ्या शाकाहारी असलेल्या घरांत बी-१२ चा सांठा आधींच बेताचा असतो. दूध-दह्यांतून मिळतें तेवढेंच. तीन बाजूंनीं गळती लागली, तर पायांना मुंग्या येणें, थकवा, विस्मरण हीं लक्षणें 'वयामुळें' म्हणून सोडून दिलीं जातात. दीर्घकाळ गोळी घेणाऱ्या शाकाहारी माणसानें बी-१२ ची रक्ततपासणी करावी काय, हें डॉक्टरांना स्वतःहून विचारावें.

मुलाची गोष्ट वर आलीच. त्याला डॉक्टरांनीं चार आठवड्यांसाठीं गोळी दिली होती, त्याला आतां दोन वर्षें झालीं. रात्रीं कॅन्टीनमधील भजीं, चहा, तंबाखू आणि घरीं येऊन जेवतांच आडवें होणें, हें मूळ कारण जागच्या जागीं आहे. जेवण व झोंप ह्यांत दोन-तीन तासांचें अंतर, पलंगाची डोक्याकडची बाजू वीतभर उंच, डाव्या कुशीवर झोंप, पोटाचा घेर कमी आणि तंबाखू बंद, एवढें केलें तर त्याची गोळी सुटण्याचा संभव पुष्कळ आहे.

आणि सूनबाई. तिचें 'पित्त' म्हणजे अर्धें डोकें दुखणें, उजेड सहन न होणें व शेवटीं उलटी होणें. हें अर्धशिशीचें दुखणें. आम्ल कमी करून तें बरें होणारें नव्हे. तिला दिवस राहिले असतील, तर डब्यांतील कोणतीच गोळी विचारल्याशिवाय घेऊं नये.

भीति किती, सावधगिरी किती?

दीर्घकाळ ही गोळी घेणाऱ्यांत हाडें मोडणें, मॅग्नेशियम उतरणें, मूत्रपिंडाला इजा, आंतड्यांचे जंतुसंसर्ग, अशा गोष्टी अधिक आढळल्याचें अनेक पाहण्यांत निघालें आहे. अमेरिकेंत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत दोन वर्षांहून अधिक काळ गोळी घेणाऱ्यांत बी-१२ ची उणीव अधिक दिसली. परंतु अशा पाहण्यांत एक अडचण असते. गोळी घेणारीं माणसें मुळांतच अधिक आजारी असतात, तेव्हां दोष गोळीचा कीं आजाराचा, हें नक्की सांगतां येत नाहीं. म्हणून २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाला महत्त्व आहे. त्यांत १७,५९८ हृदयरोग्यांपैकीं निम्म्यांना पँटोप्राझोल व निम्म्यांना दिसण्यांत तशीच पण औषधरहित गोळी देऊन सुमारें तीन वर्षें लक्ष ठेवलें गेलें. आंतड्यांचे जंतुसंसर्ग मात्र पहिल्या गटांत १.४ टक्के व दुसऱ्यांत १.० टक्के, असे किंचित् अधिक निघाले. इतर धोक्यांत स्पष्ट वाढ दिसली नाहीं. तात्पर्य, ज्याला गोळीची खरी गरज आहे त्यानें घाबरून ती टाकूं नये, आणि ज्याला नाहीं त्यानें थोडाहि धोका कशासाठीं पत्करावा?

एखाद्या औषधानें अनपेक्षित त्रास झाला असें वाटल्यास डॉक्टरांना तर सांगावेंच. शिवाय गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगामार्फत चालणाऱ्या औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ ह्या निःशुल्क दूरध्वनीवर रोग्यालाहि तक्रार नोंदवितां येते.

सोडण्याची रीत

गोळी सोडतांना एक चकवा आहे, तो ध्यानांत ठेवला नाहीं तर माणूस जन्मभर तिच्यांत अडकतो. आम्ल दाबून ठेवलें कीं शरीर तें वाढविण्याची खटपट आंतून करीत राहतें. गोळी एकाएकीं बंद केली कीं ती साठलेली खटपट उसळून वर येते. डेन्मार्कमध्यें २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत पोटाचा कोणताहि विकार नसलेल्या १२० निरोगी माणसांपैकीं कांहींना आठ आठवडे इसोमेप्राझोल व कांहींना औषधरहित गोळी देऊन मग सर्व बंद केलें. पुढील चार आठवड्यांत औषध घेतलेल्यांपैकीं ४४ टक्क्यांना आम्लाचा त्रास झाला, इतरांत १५ टक्क्यांना. निरोगी माणसांना सुद्धां! ही जळजळ म्हणजे मूळ रोग परत आला असें समजून लोक पुन्हा गोळी सुरू करतात.

म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानें मात्रा आधीं निम्मी करावी, मग एक दिवस आड, आणि मधल्या त्रासासाठीं पातळ औषध किंवा फॅमोटिडीनसारखी सौम्य गोळी हाताशीं ठेवावी. खाण्याच्या सोड्याचा मारा रक्तदाबाच्या व हृदयाच्या रोग्यांनीं करूं नये, कारण त्यांतील सोडियम त्यांना बाधक असतें. त्रास पुन्हा पुन्हा होत असल्यास कारण शोधावें. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन ह्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनीं व्रणाच्या मुळाशीं पुष्कळदां हेलिकोबॅक्टर नांवाचा जंतु असतो हें दाखविलें, आणि २००५ सालीं त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालें. तो जंतु बहुधा दोन आठवड्यांच्या औषधयोजनेनें जातो. श्वास किंवा शौच तपासून तो शोधावयाचा असेल तर ही गोळी दोन आठवडे आधीं थांबवावी लागते, नाहींतर जंतु असूनहि दिसत नाहीं. आजोबांसारख्यांनीं मात्र तींहि विचारूनच थांबवावी.

जेथें गोळीची वाट पाहूं नये

शौचास डांबरासारखें काळें होणें, उलटींत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा मळ दिसणें, घास गिळतांना अडणें, विनाकारण वजन घटणें, रक्त कमी होणें, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पित्ताचा त्रास सुरू होणें, ह्यांपैकीं कांहींहि असलें तर गोळीनें तात्पुरतें बरें वाटणें हेंच घातक ठरतें, कारण त्यानें निदान लांबतें. आणि छातींत दडपण, घाम, डाव्या हातांत किंवा जबड्यांत कळ, श्वास लागणें, हें झालें असतां "पित्त असेल, गोळी घेऊन पडा" असें म्हणणें म्हणजे मोलाचा वेळ घालविणें आहे. तेव्हां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णालय गांठावें. मधुमेही व वृद्ध स्त्रियांत हृदयविकाराचा झटका नुसत्या मळमळीच्या रूपानेंहि येतो, हें सुनांनीं व लेकींनीं विशेष लक्षांत ठेवावें.

शेवटीं एक अगदीं साधा घरगुती उपाय. गोळ्यांचें पाकीट घरांत आल्याबरोबर त्यावर शाईनें तीन गोष्टी लिहाव्यात: कोणासाठीं, कशासाठीं आणि कोणत्या तारखेपर्यंत. डॉक्टरांनीं तारीख सांगितली नसेल तर दारांतून मागें फिरून ती विचारावी. त्यांत संकोच मानण्याचें कारण नाहीं. ज्याला ती कायम घ्यावयाची आहे त्याच्या पाकिटावर 'कायम, दर सहा महिन्यांनीं विचारणें' असें लिहावें. मग पुढच्या एकादशीला कोणी गोळी मागितली तर सूनबाईला डब्यांत हात घालण्यापूर्वीं एवढेंच विचारतां येईल, "मामंजी, ही आपली नव्हे, आपली कोणती, तें पाहूं का?"